कॉन्केव्ह कटरला घरी धार कशी लावायची? (काळ्या स्टीलचा आहे)

चिपळूणची_कुंडी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे बोन्सायसाठी काळ्या कार्बन स्टीलचा कॉन्केव्ह कटर (फांदी खोडालगत खोलगट कापायचं, गोल पात्यांचं हत्यार) आहे, झाडं बहुतेक फायकस, वड आणि उंबर. हल्ली फांदी कापली जात नाही, चेंबते, साल एका बाजूने फाटते आणि जखमेला दोरे लोंबत राहतात. पात्यावर तपकिरी कडक थर बसलाय, शिवाय आमच्याकडचा पाऊस म्हणजे गंजाचे ठिपके आलेच. सायकलवर चाक घेऊन धारवाला येतो, विळी-सुरीला मस्त धार लावतो, त्याला देऊ का? घरी लावायची तर पाती गोल आहेत, घासायचं कुठून? अजून एक, कटर मिटला की एक पातं दुसऱ्याच्या किंचित पुढे जातं, हा दोष आहे का?

झाडवेडा:
चाकावर अजिबात देऊ नका. धारवाल्यांचा हात विळीवर बसलेला असतो, त्यात वाद नाही, पण फिरत्या कोरड्या दगडावर ही बारीक कड क्षणात तापते, साधारण 300 अंशाच्या आसपास निळी पडते आणि मग तिथलं पाणी, म्हणजे स्टीलचा कडकपणा, उतरलं म्हणून समजा. नंतर कितीही घासा, धार टिकणार नाही.

आणि धारेच्या आधी सफाई करा. तो तपकिरी थर वाळलेल्या चिकाचा आहे, निम्म्या वेळा कटर बोथट झालेला नसतोच, हा थर कडेवर चढलेला असतो. टर्पेंटाइनमध्ये कापड भिजवून पात्यावर थोडा वेळ गुंडाळून ठेवा आणि मग बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासा, गंजाचे वरवरचे ठिपकेही त्यातच निघतात. मग एखादी हिरवी काडी कापून बघा. तरीही चेंबली तरच दगड काढा.

दगड 1000 ग्रिटचा, शेवटी 3000 (आकडा मोठा तितका दगड बारीक). पातं दगडावर नेऊ नका, छोटा दगड किंवा डायमंड फाइल हातात धरून पात्यावर फिरवा, कटर कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये पकडला की दोन्ही हात मोकळे राहतात. कारखान्यातून जो उतार घासून आलाय फक्त त्याच उतारावर काम करायचं. उतार नीट दिसत नसेल तर त्यावर मार्कर पेनने रंग द्या आणि दोन-चार वेळा दगड फिरवून बघा. शाई फक्त मागच्या बाजूची गेली तर कोन थोडा उचला, कडेजवळचीच गेली तर खाली घ्या, सगळी सारखी जायला लागली की तोच कोन धरून गोलाई सांभाळत कडेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. दुसऱ्या बाजूला अंगठा आडवा फिरवला की खरखर लागते ना, ती बर, ती 3000च्या दगडाने अलगद काढायची. तेवढंच, त्या बाजूला उतार पाडू नका.

एक पातं किंचित पुढे जाणं हा दोष नाही, ते तसंच बनवलेलं असतं. दोन्ही सारखी करायला कानस मारू नका.

अंगणातला_उंबर:
+1. आमच्या ग्रुपमध्ये नवीन लोक कात्रीलाही दोन्ही बाजूंनी धार लावतात, तेही चूक. कात्रीचीसुद्धा बाहेरच्याच उतारावर, आतली बाजू मुद्दाम जरा खोलगट असते, ती घासली की पाती एकमेकांवर नीट सरकत नाहीत.

पावसाळ्याचं म्हणाल तर वड-उंबराचा चीक ओला असतानाच पुसायचा, दर दोन-तीन कापांनी, खिशात स्पिरिटचा बोळा असला की काम होतं आणि एका झाडाचा रोग दुसऱ्याकडे जात नाही. ब्लीच नको, कार्बन स्टील लगेच गंजतं. काम झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब रिव्हेटला आणि पात्यावर पुसट हात. जपानमध्ये कॅमेलियाचं तेल वापरतात, मिळालं तर उत्तमच. स्वयंपाकातलं सूर्यफूल-सोयाबीन लावू नका, चिकट होऊन त्यावर धूळ बसते. आणि जूनपासून चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

चिपळूणची_कुंडी:
खूप धन्यवाद दोघांनाही! टर्पेंटाइनने थर निघाला, आधीपेक्षा बरंच बरं कापतोय, पण फांदीच्या शेवटी सालीचा एक पापुद्रा लटकतो. उजेडाकडे धरून मिटला तर मधोमध बारीक फट दिसते.

झाडवेडा:
मग कड तिथे झिजलीय किंवा फांद्यांना वळण द्यायची वायर कापताना दबलीय. फक्त फटीपुरतं घासायचं नाही, तसं केलंत तर खड्डा वाढेल, पूर्ण कड थोडी थोडी खाली आणा. त्यानंतर पूर्ण मिटल्यावरही पाती टेकत नसतील तर दांड्यांच्या आतल्या बाजूला छोटा टेकू असतो, तो आधी टेकत असणार. त्यावर कानशीचा एक हात मारायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं, परत एक हात, परत बघायचं. जास्त गेला तर पाती एकमेकांवर आपटून कड मोडते, म्हणून इथे घाई नको.

एवढा जीव ओतायचं कारण सांगतो. साफ कापलेल्या जखमेवर साल चारही बाजूंनी सारखी चढते, चेंबलेली साल आधी वाळून मागे सरते आणि मग भरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. वायरीला वायर कटर वेगळा ठेवा, वाळलेलं कडक लाकूडही यावर नको, आणि पात्याच्या रुंदीच्या निम्म्याहून जाड फांदी असेल तर सरळ करवत घ्या.