आदर्शीकृत घाटावरचा पाऊस : वारा मंद केला की पट्टा समुद्राकडे का सरकतो?

सह्यकडा : डब्ल्यूआरएफ या संगणकी हवामान मॉडेलमध्ये मी सह्याद्रीसारख्या डोंगररांगेचा द्विमितीय प्रयोग करीत आहे. डोंगर घंटेच्या आकाराचा व १,००० मीटर उंच आहे, ग्रिड १ किमीचे आहे आणि पश्चिमेचा वारा सर्व उंचीवर सारखा ठेवला आहे. साउंडिंग (उंचीनुसार हवेचे तापमान व आर्द्रता यांचा आराखडा) म्हणून गडगडाटी वादळांच्या अभ्यासात सर्रास वापरले जाणारे वाइसमन-क्लेम्प यांचे १९८२ चे घेतले. वारा सेकंदाला २० मीटर असताना पाऊस माथ्यावर व पूर्वेला पडतो. तोच ५ मीटर केला की ढग डोंगरावर जन्मतात, पण सहा तासांत पट्टा माथ्यापासून १०० किमी पश्चिमेला, म्हणजे कोकण ओलांडून थेट समुद्रात जातो. मॉडेलच्या क्षेत्राच्या सीमेवरच्या अटी दोनदा तपासल्या. चूक कोठे असावी?

मेघमापक : मला ही चूक वाटत नाही. पाऊस ढगाखालच्या कोरड्या हवेतून पडताना त्यातील काही भागाची वाफ होते, हवा गार व जड होते आणि उतारावर तिचा डोह साचून तो दोन्ही बाजूंना पसरू लागतो. डोहाची खोली १ किमी आणि तापमानातील घट ३ अंश धरली, तर त्याची कड सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने सरकते. समोरून ५ मीटरचा वारा असल्यास निव्वळ चाल ताशी १८ किमी उरते, म्हणजे सहा तासांत १०८ किमी. तुमचा आकडा याच्याशी जुळतो. वारा २० मीटर असला की डोह वाहून जातो आणि १० मीटरच्या आसपास तो जागीच थबकतो, तेव्हा डोंगरावर सर्वाधिक पाऊस साचावा. चू आणि लिन या संशोधकांनी २००० मध्ये अशाच प्रवाहांचे वर्गीकरण केले आहे. द्विमितीय प्रयोगात डोहाला आडवे पसरता येत नाही, त्यामुळे त्याचा जोर थोडा वाढून दिसतो, एवढे ध्यानात ठेवावे.

घाटवाट : भौतिकी बरोबर आहे, परंतु हा सह्याद्रीचा जुलै नव्हे. ते साउंडिंग अमेरिकेतील वादळांसाठी रचलेले आहे. मे महिन्यातील वळवाशी त्याचे थोडेफार नाते लागेल. जुलैत मात्र घाटमाथ्यावर दिवसचे दिवस पाऊस कोसळतो आणि विजांचा कडकडाट क्वचितच ऐकू येतो, कारण ढग तुलनेने उथळ असतात. हवा खालपासूनच दमट असल्याने वाफ होण्यास वाव कमी, म्हणून थंड डोहही दुबळा. वाराही सर्वत्र सारखा नसतो. मोसमी झोत साधारण दीड किमी उंचीवर सर्वांत वेगवान असतो. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आर. पी. सरकार यांचे १९६६ चे गणित आहे, ज्यात मुंबई-पुणे छेदावरची हवा संपृक्त (बाष्पाने पूर्ण भरलेली) मानली होती आणि संवहन, म्हणजे हवेचे आपोआप उसळून वर चढणे, जवळजवळ नव्हतेच. खरा पावसाळा या दोन टोकांच्या मधे कोठेतरी बसतो.

आणखी एक, डोंगर घंटेसारखा ठेवू नका. पश्चिमेला कडा आणि पूर्वेला सुमारे ६०० मीटर उंचीचे पठार द्या.

सह्यकडा : जुलैतील साउंडिंग, झोत आणि पठार घालून प्रयोग पुन्हा केला. पट्टा आता पश्चिम उतारावरून हलत नाही. एकच खटकते, ते म्हणजे पूर्वेकडे ५० किमीपर्यंत बारीक पाऊस पडत राहतो, आणि महाबळेश्वरहून वाईला उतरलेल्या कोणालाही हे पटणार नाही.

मेघमापक : सूक्ष्मभौतिकी योजनेत (ढगात थेंब व हिमकण कसे बनतात हे ठरवणाऱ्या मॉडेलच्या भागात) बर्फ किती तयार होतो, ते पाहा. थेंब सेकंदाला ६ मीटरने पडतो. ३ किमीवरून निघाला तर १५ मीटरच्या वाऱ्यात साडेसात किमी वाहतो. हिमकण सेकंदाला जेमतेम १ मीटरने उतरतो आणि तेवढ्याच उंचीच्या प्रवासात ४५ किमी जाऊ शकतो. आधी बर्फ पूर्ण बंद करून एक प्रयोग करा. फरक पडला तर दोषी सापडला, नाही तर पठारावरच्या उतरत्या हवेकडे वळू.