पार्किन्सन्स: दारात आणि वळताना पाय खिळतात, पट्ट्या कशा लावाव्यात?

गृहभेट_फिजिओ: पेशंट होएन-यार (पार्किन्सन्स किती वाढलाय हे सांगणारी 1 ते 5 ची मोजपट्टी) टप्पा 3. महिन्यात दोन-तीनदा पडणं. टीयूजी (खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला लागणारा वेळ) 14 सेकंद, सरळ चाल बरी. पण संडासाच्या दारात आणि पलंगाशी वळताना पाय जमिनीला चिकटतात. पावलाला खूण म्हणून जमिनीवर चिकटवायच्या पट्ट्या किती अंतरावर लावू? आणि व्यायामाचा तक्ता घरच्यांकडे देऊन आठवड्यातून एकच भेट ठेवली तर चालेल?

तोल_मोल: तक्ता देऊन निघून येऊ नका. 2015 ची संशोधक कॅनिंग यांची ऑस्ट्रेलियातली व्यायामाची चाचणी पाहा: पार्किन्सन्सचे 231 जण, व्यायाम आठवड्यातून तीनदा 40 ते 60 मिनिटं, सहा महिने, बहुतेक सत्रं देखरेखीविना. एकूण गटात पडणं लक्षणीय कमी झालं नाही. आजार सौम्य असलेल्यांत मात्र ते 69 टक्क्यांनी घटलं. आजार जास्त असलेल्यांत आकडा उलट वाढीकडे झुकला. तो पक्का म्हणण्याइतका नव्हता, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. माझ्या मते पायात जोर आला की माणूस जास्त हिंडतो आणि खिळणं तेवढंच राहतं. टप्पा 3 ला सुरुवातीला तरी शेजारी माणूस हवाच.

टीयूजीवर विसंबू नका. तपासताना पेशंट सगळं लक्ष चालीवर लावतो, खिळणं लपतं. जागच्या जागी 360 अंश भराभर फिरायला सांगा, दोन्ही बाजूंना. मग तेच 100 मधून 3-3 वजा करत. अडखळण्याची बाजू लगेच कळते.

पट्टीवाला: अंतर पुस्तकातून घेऊ नका. पार्किन्सन्सच्या गोळीचा असर असताना दहा पावलं चालवा आणि अंतराला दहाने भागा. 4.5 मीटर झाले तर 45 सेंटिमीटर. पट्ट्या चालीला आडव्या हव्यात, उभ्या लावल्या तर उपयोग नाही. पांढऱ्या फरशीवर गडद, न चमकणारी टेप. ओल्या जागी कडा उचकटतात आणि त्यातच पाय अडकतो, म्हणून दर आठवड्याला हात फिरवून बघा.

नेहमीची चूक म्हणजे शेवटची पट्टी उंबरठ्यावरच संपवणं. मग पेशंट तिथेच उभा. पट्ट्या दाराच्या अलीकडे दोन-तीन पावलांवरून सुरू करा आणि आत संडासाच्या भांड्यापर्यंत न्या. पायपुसणं उचला, ते दारातलं सगळ्यात वाईट सामान.

मेट्रोनोम (ठरावीक तालात टकटक करणारं यंत्र) लावणार असाल तर पाय खिळणाऱ्यांना त्यांच्या सवयीच्या गतीपेक्षा साधारण 10 टक्के हळू ठेवा. ताल वाढवला की पावलं बारीक होतात आणि खिळणं वाढतं.

गृहभेट_फिजिओ: पलंगाशी पट्ट्या लावायला जागा नाही. आणि खिळले की मुलगा हात धरून ओढतो.

तोल_मोल: ओढणं आधी बंद. वरचं अंग पुढे येतं, पाय मागे राहतात, दोघंही पडतात. मुलाने बाजूला, किंचित मागे उभं राहावं आणि एकच सूचना द्यावी: "थांबा. ताठ व्हा. वजन डावीकडे, उजवीकडे. आता मोठं पाऊल." एका वेळी दोघांनी बोलू नये. वळताना टाचेवर गिरकी घ्यायची नाही. घड्याळाचे आकडे डोळ्यांपुढे आणून पाऊल 12 वर, 3 वर, 6 वर. पलंग भिंतीपासून सरकवून चालण्याजोगी जागा करता आली तर उत्तम.

नोंदवही: या सगळ्याआधी बीपी. पाच मिनिटं आडवं, मग उभं राहिल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर पट्ट्यांनी काही होणार नाही, न्यूरोलॉजिस्टना कळवा. गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नका.

कॅलेंडरवर रोज खूण करायला सांगा, न पडलेल्या दिवशीही. पडले तर वेळ, जागा, हातात काय होतं, शेवटची गोळी किती वाजता. महिन्याने आठवून सांगितलेलं बहुतेक वेळा अपुरं असतं. बरेच प्रसंग पुढच्या गोळीआधीच्या तासात दिसले, तर व्यायामाआधी गोळीच्या वेळांबद्दल बोला.