'रक्त दिलं' की 'रक्तदान केलं'? 'रिप्लेसमेंट डोनर'ला मराठीत काय लिहावं

कृष्णाकाठ
आमच्या तालुक्याच्या रक्तपेढीत मी आठवड्यातून दोन दिवस मदतीला जातो. तिथले फॉर्म इंग्रजीत आहेत. लोक न वाचता सह्या करतात, म्हणून ते मराठीत करायला घेतलेत. सगळं जमलं, 'रिप्लेसमेंट डोनर'पाशी अडलो. पेशंटला पेढीतली पिशवी मिळते आणि तिच्या बदल्यात घरचं कुणीतरी येऊन रक्त देतं, तो हा माणूस. मी 'बदली रक्तदाता' लिहिलं होतं.

परवा एका आजींना फॉर्म वाचून दाखवला. सुनेच्या बाळंतपणात रक्त लागलं होतं आणि भाचा द्यायला आला होता. आजी म्हणाल्या, "दान नगं लिवू बाबा. घरच्यानं घरच्याला दिल्यालं दान कशानं हुतंय? दान लिवलंस तर आमी मागणारं झालो की." मी त्यांच्यासमोरच तो शब्द खोडला.

तेव्हापासून कान देऊन ऐकतोय. नातेवाइकासाठी आलेला माणूस "रक्त द्यायला आलोय" असंच म्हणतो. शिबिरात आलेला "रक्तदान करायचंय" म्हणतो. हा फरक तुमच्याकडेही आहे का? आणि रकान्यात काय लिहू?

जुनी वही
'दा' म्हणजे देणे, त्यावरून दान. त्यात कमीपणा कुठून आला? धर्मशास्त्रात दानाची व्याख्या नेमकी आहे : 'स्वस्वत्वनिवृत्तिपूर्वकं परस्वत्वापादनम्'. आपला हक्क सोडायचा आणि दुसऱ्याचा हक्क उत्पन्न करायचा. घेणारा नात्यातला की परका, गरीब की श्रीमंत, याचा त्यात उल्लेखच नाही. मतदान करतो तेव्हा उमेदवार भिकारी ठरतो का? मी 32 वर्षं मराठी शिकवलं. एका व्यक्तीच्या भावनेसाठी सरळ, स्वच्छ शब्द सोडू नका. माझी हरकत असेल तर ती 'बदली'ला.

गिरणगाव
'बदली'ला माझीही हरकत आहे, पण कारण वेगळं. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी कायम कामगार आला नाही तरच काम मिळायचं, नाहीतर डबा तसाच घरी. 1982 चा संप सुरू झाला तेव्हाही ते बदलीच होते. आमच्या चाळीत 'बदली' म्हणजे ज्याला स्वतःची जागा नाही तो. आपलं रक्त द्यायला आलेल्या माणसाच्या नावापुढे तो शब्द नको.

निळी पहाट
जुनी वही, व्याख्या संस्कृतात स्वच्छ असेल, गावात ती तशी नव्हती. माझे आजोबा नगर जिल्ह्यातले. येसकराची, म्हणजे गावच्या वेशीवर राखण करणाऱ्या महाराची, पाळी असली की दिवसभर गावकीचं काम आणि संध्याकाळी घरोघर भाकरी गोळा करायची. ती कामाची मजुरी होती, हक्क होता. पण वरून टाकणारा ते दान समजूनच टाकायचा, आणि शिळीपाकी टाकायचा. महार वतन कायद्यानं गेलं 1958 साली. त्याच्या कितीतरी आधी आजोबा मुंबईला गोदीत आले होते. घरात कुणी 'दान' म्हणालं की त्यांचा चेहरा बदलायचा. त्या आजींना काय टोचलं ते मला पुरतं कळतं.

तरी एक सांगते. 6 डिसेंबरला आम्ही दादरला जेवणाचा मांडव घालतो. त्यावर फलक असतो 'भोजनदान'. पहिल्या वर्षी मी आजोबांना विचारलं होतं, हा शब्द कसा चालतो तुम्हाला? हातात पळी होती त्यांच्या. म्हणाले, "इथं वाढणारा दुपारी याच पंगतीला बसणार आहे." बौद्ध परंपरेत दान ही पहिली पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचा पहिला सद्गुण, आहे हे मला नंतर वाचून कळलं. त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं होतं.

वर्धाकाठ
'भोजनदान' आमच्याकडे दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सगळीकडे दिसतं. एरवी नागपूर-वर्ध्यात फुकट जेवणाला शब्द एकच : भंडारा. हनुमान जयंतीला चौकाचौकात भंडारा असतो. यावरून माझी एकदा चांगलीच पंचाईत झाली. लग्न होऊन पुण्याला आले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, समोरच्या मंदिरात भंडारा आहे, जायचं का खायला?" त्या दोन क्षण बघतच राहिल्या. त्यांना भंडारा म्हणजे जेजुरीची हळद! ती कपाळाला लावायची, उधळायची. खायची कशी?

माझ्या मते दोन्ही 'भांडार'वरूनच आले असावेत. कोठार उघडलं की एकीकडे अन्न, दुसरीकडे हळद.

बालाघाट
भंडाऱ्यासारखंच नांदेडचं 'लंगर'. आम्हा मराठवाड्यातल्यांना तो परका शब्द वाटतच नाही. "गुरुद्वाऱ्यात लंगर खाऊन येतो" हे शुद्ध मराठी वाक्य आहे आमच्यासाठी.

पण मला 'दान'च्या बाजूनं बोलायचंय. लहानपणी पहाटे वासुदेव यायचा. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या. आजी सुपातून जोंधळे घालायची आणि तो म्हणायचा, "दान पावलं, दान पावलं," आणि मग एकेका देवाचं नाव घ्यायचा. त्या देवाला पावलं, या देवाला पावलं. नीट बघा, तो 'मिळालं' म्हणत नाही, 'घेतलं' म्हणत नाही. तो मधला माणूस आहे, पोचवणारा. दान पुढं पोचलं एवढंच तो सांगतो. देवळात देणगी दिल्यावर जी 'पावती' फाडतात ती याच 'पावणे'ची. एका क्रियापदाची दोन टोकं, एक चिपळ्यांवर आणि एक कार्बन कागदावर. यात आजींना मागणारं ठरवणारं काय आहे?

निळी पहाट
वासुदेवाला सुपातून मिळायचं. आमच्या आजोबांना वरून मिळायचं. शब्द एकच असला तरी हाताची उंची वेगळी होती, म्हणून म्हणते.

बाणकोट
'जकात'चंही बघा. आम्ही कोकणी मुसलमान. घरात जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशातले अडीच टक्के, रमजानात हिशेब करून गरजूला द्यायचे. आणि घराबाहेर जकात म्हणजे नाका. ट्रकवाला थांबायचा, पावती घ्यायचा, शिव्या घालायचा. मुंबईची जकात 2017 च्या जुलैत जीएसटी आल्यावर गेली तेव्हा वर्गातला एक मित्र आनंदानं म्हणाला, "सुटलो एकदाचे जकातीतून." मी तेव्हा काही बोललो नाही. मूळ अरबी शब्दात शुद्ध होणं आहे. माल शुद्ध करण्यासाठी द्यायचं, कारण त्यातला तेवढा वाटा आपला नव्हेच, गरिबाचा आहे. माझ्या वडिलांनी जकात देताना कधी 'दिली' म्हटलं नाही, 'काढली' म्हणायचे.

पोळपाट
तुम्ही सगळे 'देणं' धरून बसलात. संक्रांतीला आम्ही बायका काय म्हणतो? वाण *लुटायचं*. देणारी मी, घरी बोलावणारी मी, हळदीकुंकू लावून वस्तू हातात ठेवणारी मी, आणि शब्द मात्र लुटणं! दसऱ्याला सोनं लुटतात. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, हलवा, चुरमुरे ओततात आणि पोरं ती लुटतात. देणाऱ्याचा हात दिसूच नये म्हणून हा शब्द आला असेल असं मला वाटतं. घेणारीनं मान खाली घालायची नाही, उलट लुटून न्यायचं. त्या आजींना 'दान'मध्ये जे खुपलं, त्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी कधीच तोड काढून ठेवली आहे.

जुनी वही
ताई, निरीक्षण सुंदर आहे, पण 'रक्त लुटणारा' फॉर्मवर लिहिता येणार नाही.

सूक्ष्मदर्शक
मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, 14 वर्षं. चर्चेत एक मोठी गफलत होतेय. भाच्यानं दिलेली पिशवी त्या सुनेला गेलेली नसते. तिला आधीच साठ्यातली, गट जुळवून, तपासून ठेवलेली पिशवी लावलेली असते. भाच्याचे 350 मिली तपासणीला जातात आणि मग त्याचे भाग वेगळे होतात. तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांत 42 दिवसांपर्यंत टिकतात, प्लेटलेट्स हलत्या ट्रेवर जेमतेम 5 दिवस, प्लाझ्मा गोठवून वर्षभर. हे तिघा वेगळ्या माणसांना जाऊ शकतं. जवळच्या नात्यातलं रक्त तर शक्यतो आम्ही त्याच रुग्णाला देतच नाही, कारण क्वचित दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात.

तेव्हा आजींचं "घरच्यानं घरच्याला" हे वस्तुस्थितीत बसत नाही. घरच्यानं परक्याला दिलं आणि परक्यानं घरच्याला. व्याख्येनं हे दानच आहे.

आणखी एक. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांना 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे. त्यांनाही आधी 'धंदेवाईक रक्तदाते' म्हणायचे. विकणारा दाता कसा, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. 2002 च्या राष्ट्रीय रक्त धोरणात तर ही बदल्यात रक्त घेण्याची पद्धतच हळूहळू बंद करून सगळं रक्त ऐच्छिक दात्यांकडून मिळावं असं ठरलं आहे. घाबरलेल्या नातेवाइकाला "आधी माणूस आणा" म्हणणं मला आजही जड जातं. म्हणून या रकान्याला गोड शब्द शोधूच नका. 'बदली' ओबडधोबड आहे तर राहू दे, लवकर जाईल.

गिरणगाव
बदली कामगारही लवकर जातील म्हणायचे. शब्द राहिला, गिरण्या गेल्या.

कृष्णाकाठ
सूक्ष्मदर्शक, तुमचं वाचून काल मी आजींना भेटलो. सून अजून दवाखान्यातच आहे, बाळ बरं आहे. त्यांना समजावून सांगितलं की भाच्याचं रक्त दुसऱ्याच कुणाला तरी गेलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "मंजी परक्याला गेलं? मग लिव की दान." मी फॉर्म काढायला लागलो तर लगेच म्हणाल्या, "आन् सुनंला आलं ते कुणाचं?" म्हटलं, ते आम्ही सांगत नाही. "मग तेचं देणं लागतो आमी," म्हणाल्या. "ते कसं फेडायचं ते लिवलंय का कुटं?"

लिहिलेलं नाही.

बालाघाट
कृष्णाकाठ, इथंच तुमचा शब्द आहे. मराठीत 'देणं' म्हणजे देण्याची क्रिया आणि 'देणं' म्हणजेच कर्ज. 'देणं लागतो', 'देणेकरी'. भाचा दाता नाही, तो देणं फेडणारा आहे. आपण नवस फेडतो, पांग फेडतो. रक्तही फेडावं. शिवाय 'रक्तपेढी'तली पेढी सावकाराचीच आहे, तिथं देणंघेणं आलंच.

जुनी वही
याला मात्र माझा ठाम विरोध. दवाखान्यात आलेल्या माणसाला तुम्ही कर्जदार ठरवणार? अर्ध्या महाराष्ट्राला कर्ज या शब्दानं झोप लागत नाही. त्यापेक्षा दान शतपटीनं बरं.

वर्धाकाठ
विदर्भातून सांगते, सर बरोबर बोलताहेत. फॉर्मवर 'फेड' दिसलं तर आमच्याकडचा शेतकरी सही न करता उठेल. मग 'डोनर' असंच देवनागरीत लिहिलं तर? सगळ्यांना कळतं.

पोळपाट
'डोनर' नको. 'डोनेशन' म्हणजे आता शाळेत प्रवेशासाठी मागतात ते पैसे. मुलीच्या वेळी आमच्याकडे एका शाळेनं मागितलं. पावती कसली म्हणून विचारलं तर 'ऐच्छिक देणगी' म्हणाले, आणि दिल्याशिवाय प्रवेश नाही म्हणाले. कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा 1987 चा आहे. मी दागिना मोडून भरले. तो शब्द मला रक्ताशेजारी बघवणार नाही.

मला 'उसनं' सुचतंय. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली की आपण तीच साखर परत देत नाही, आपल्या डब्यातली देतो. रक्ताचं अगदी तसंच आहे की. त्यात व्याज नाही, कर्जाची भीती नाही, उपकारही नाही. आज तिचं, उद्या माझं.

सूक्ष्मदर्शक
पद्धतीचं वर्णन म्हणून हे सगळ्यात अचूक आहे. पण 'उसनं रक्त' ऐकून पेशंटला वाटेल परत काढून घेणार.

निळी पहाट
उसनं त्यालाच मिळतं ज्याच्या घरी परत द्यायला काही असतं. ज्याला कुणीच नाही, त्याच्यासाठी कोण येणार? थॅलेसेमियाच्या पोराला दर दोन-चार आठवड्यांनी लागतं, त्याच्या आईनं किती माणसं आणायची? म्हणून मला वाटतं फॉर्मवर फक्त 'रक्त देणारी व्यक्ती' लिहा. कुणासाठी, कशाच्या बदल्यात, हे विचारूच नका.

कृष्णाकाठ
फॉर्म सोमवारी छापायला जातोय. तूर्त 'रुग्णाच्या वतीने रक्त देणारी व्यक्ती' असं टाकलंय.

जुनी वही
'वतीने' म्हणजे प्रतिनिधी या नात्याने. वकील वतीने बोलतो, सरपंच वतीने सत्कार करतो. रक्त वतीने देता येत नाही. 'रुग्णानिमित्त' करा.

गिरणगाव
निमित्त वाढदिवसाला असतं, सर. सत्यनारायणाला असतं.

बालाघाट
पोळपाट ताई, उसन्यावरून आठवलं. आमच्याकडे शेतातलं पहिलं पीक शेजारी द्यायचं त्याला वानोळा म्हणतात. पुण्याच्या एका मित्रानं सांगितलं की हे अशुद्ध आहे, वानवळा म्हणावं. तुमच्याकडे काय?

पोळपाट
आमच्याकडे वानवळा. पण तो फक्त शेतातलाच नाही. दिवाळीचा फराळ, नवीन लोणच्याची बरणी उघडली की पहिली वाटी, हाही वानवळाच. आणि वाटी रिकामी परत करायची नाही.

वर्धाकाठ
आम्ही वानोळाच म्हणतो आणि म्हणणार. माहेरी नव्या तुरीच्या शेंगा थैलीतून यायच्या. आई थैली झटकून घडी घालायची, आत मूठभर तांदूळ टाकायची आणि मला शेजारी पाठवायची. "नुसती थैली नेऊ नको," म्हणायची. त्या तांदळाला काय म्हणायचं ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही.