मदत हवी आहे : हार्टबीट डेटास्टोअरचा इशारा एका होस्टवरून हटत नाही

नमस्कार. जळगाव येथील एका पतसंस्थेच्या खासगी क्लाऊडची देखभाल माझ्याकडे आहे. व्हीस्फिअर या आभासीकरण प्रणालीचे तीन होस्ट (सर्व्हर), एक आयस्कझी स्टोरेज (नेटवर्कवरून जोडलेला डिस्कसाठा) आणि त्यावर एकच सामायिक डेटास्टोअर (आभासी मशीनच्या फाइली ठेवण्याची जागा) असल्याने प्रत्येक होस्टवर ‘एचएसाठी हार्टबीट डेटास्टोअर १ आहे, किमान २ हवेत’ असा इशारा येत असे. (एचए म्हणजे एखादा होस्ट बंद पडल्यास त्यावरील आभासी मशीन दुसऱ्या होस्टवर सुरू करणारी सोय; होस्ट चालू आहे की नाही, हे ती हार्टबीट डेटास्टोअरवरूनही तपासते.) होस्टमधील स्थानिक डिस्क सामायिक नसल्यामुळे ती या कामी चालत नाही. म्हणून त्याच स्टोरेजवर दुसरा लहान एलयूएन (स्टोरेजमधील डिस्कचा स्वतंत्र भाग) तयार करून तो दुसऱ्या स्विचमार्गे जोडला.

दोन होस्टवर ‘रिकॉन्फिगर फॉर एचए’ (एचएची पुन्हा जुळणी) केल्यावर इशारा गेला. तिसऱ्या होस्टला मात्र नवा एलयूएन डिव्हाइसच्या यादीत दिसतो, पण त्यावरील डेटास्टोअर माउंट होत नाही. त्या होस्टवरून व्हीएमकेपिंग या जोडणी तपासण्याच्या आज्ञेने, पॅकेटचे तुकडे होऊ न देता, १४७२ बाइटचे पॅकेट जाते आणि ८९७२ बाइटचे अडते, त्यामुळे माझा संशय दुसऱ्या स्विचच्या त्या पोर्टवरील एमटीयूवर (पॅकेटच्या कमाल आकाराच्या मर्यादेवर) आहे.

संस्थेचे कामकाज चालू असताना त्या पोर्टचा एमटीयू वाढवणे सुरक्षित आहे, की संपूर्ण आयस्कझी जाळे १५०० बाइटच्या एमटीयूवर आणणे अधिक शहाणपणाचे ठरेल? प्रगत पर्यायांतून हा इशारा दडपता येतो, हे ठाऊक आहे. परंतु तो उपाय मला पटत नाही. शिवाय दोन्ही एलयूएन एकाच स्टोरेजवर असताना या दुसऱ्या डेटास्टोअरचा खरा उपयोग किती, याविषयीही जाणकारांनी कृपया मत द्यावे.