डोंगरउतारावरील वस्तीत केबल कार: धोके नेमके कुठे शोधावेत?

नियोजन_विद्यार्थिनी (नागपूर)

नमस्कार. मी नागपुरात नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीची टेकडी सोडली तर आपल्या शहरात उतार म्हणावा असे फारसे काही नाही, त्यामुळे प्रबंधासाठी मला मुंबईतील घाटकोपर-असल्फा भागातील टेकड्यांवरच्या वस्त्या निवडाव्या लागल्या. असल्फ्याला 2014 पासून मेट्रोचे स्थानक आहे, पण स्थानकापासून वरच्या घरांपर्यंत पोहोचायला अरुंद पायऱ्या आणि बोळ यांखेरीज मार्ग नाही. कोलंबियातील मेडेयिन शहराने अशाच परिस्थितीत 2004 साली मेट्रोच्या स्थानकाला जोडून 'के' हा केबल कारचा मार्ग सुरू केला आणि पुढे बोलिव्हियातील ला पाझने 2014 पासून दहा मार्गांचे जाळेच उभारले. तोच विचार असल्फ्याला लावून पाहावा, अशी माझी मांडणी आहे.

केंद्राच्या 2022-23 च्या अर्थसंकल्पात पर्वतमाला ही रोपवे (केबल कार) उभारण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा डोंगराळ प्रदेशांबरोबर दाटीच्या शहरी भागांचाही तीत उल्लेख होता. ती राबवणाऱ्या रस्ते वाहतूक खात्याचे मंत्री आपल्याच शहराचे खासदार असल्याने नागपुरात या विषयावर बोलले पुष्कळ जाते, मात्र ते बहुतेक फायद्यांविषयी असते. माझ्या मसुद्यातही 'पर्यावरणीय व सामाजिक धोके' हे प्रकरण झाडतोड आणि आवाज एवढ्यावरच आटोपले आहे, आणि मार्गदर्शकांनी त्यावर नेमके बोट ठेवले. अशा प्रकल्पात खरे धोके कोणते असतात आणि प्रत्यक्ष जागेवर ते कसे तपासावेत, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

उतार_आणि_पाणी

मी भूशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि आता सेमिनरी हिल्सजवळच राहतो. तुमच्या प्रश्नातील उताराच्या भागापुरते लिहितो.

रोपवेचे मनोरे मोजके असतात, त्यांचे पाये खडकापर्यंत नेलेले असतात आणि त्यांच्या गणितावर अभियंते भरपूर वेळ घालवतात. त्यामुळे त्या डोंगरावर सर्वांत भक्कम काय उभे असेल, तर बहुधा तो मनोराच. धोका त्याच्या आजूबाजूला असतो. पायासाठी यंत्रे आणि काँक्रीट वर न्यायचे म्हणजे तात्पुरता रस्ता कापावा लागतो. त्या कापणीने उताराचा पायथा मोकळा होतो आणि निघालेली माती व मुरूम जवळच्या घळीत लोटला जातो. घळ म्हणजे पावसाच्या पाण्याची वाट. ती बुजली की पाणी घरांखालून वाट काढते. याशिवाय स्थानकाच्या विस्तीर्ण छपरावरचे आणि फरसबंद आवारातले पाणी एका ठिकाणी गोळा होऊन उतारावर सुटते, ते वेगळेच. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा पाण्याची वाट अडवल्याचे परिणाम सपाट नागपुरानेही पाहिले आहेत. उतारावर त्याच पाण्याबरोबर माती आणि दगडही येतात.

मुंबईच्या टेकड्यांत कठीण बेसाल्टच्या थरांमध्ये कुजलेल्या खडकाचे थर आहेत, त्यांवर मुरूम, आणि त्यावर रहिवाशांनीच घर बांधण्यासाठी भरलेली भर. या भरीला मोजणीच्या नकाशात स्थान नसते. वस्तीत मलवाहिनी नसली तर सांडपाणी वर्षभर तिच्यात मुरत राहते आणि जुलैच्या पावसात ती आधीच भिजलेली असते. घाटकोपरच्या आझादनगरमध्ये जुलै 2000 मध्ये दरड कोसळून साठहून अधिक माणसे गेली. मेडेयिनमध्येही व्हियातिना या वस्तीवर 1987 च्या सप्टेंबरात डोंगर कोसळला आणि सुमारे पाचशे लोक मरण पावले. केबल कार येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

म्हणून 'रोपवेमुळे दरड कोसळेल का' एवढ्याच प्रश्नावर थांबू नका. वरचे स्थानक झाले की त्याच्या आसपासची आणि त्याहूनही वरची जागा, जिथे चढायचा कंटाळा म्हणून आजवर कोणी घर बांधले नव्हते, एकाएकी सोयीची होते. बहुतेक ठिकाणी तोच भाग सर्वांत तीव्र उताराचा असतो. वरच्या स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या परिघातील मोकळ्या जागेचा उतार, मातीची जाडी आणि पाण्याच्या वाटा नकाशावर मांडल्यात, तर तुमचे निम्मे प्रकरण तिथेच लिहून होईल. आणि पाहणीला जून ते सप्टेंबर या काळातच जा. एप्रिलमध्ये सगळे उतार सज्जन दिसतात.

दोर_आणि_पुली

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. माझा अनुभव यांत्रिक बाजूचा, म्हणजे कोळसा खाणींत वाळू वाहणाऱ्या रोपवेंचा आहे. माणसे वाहणारा रोपवे त्याहून कितीतरी कडक नियमांनी बांधला जातो, तरी दोर, पुली आणि देखभाल यांची मूळ शिस्त तीच.

आधी क्षमता समजून घ्या, कारण सामाजिक धोका तिथूनच सुरू होतो. दहा आसनांचा डबा दर 12 सेकंदांनी सुटला, तर तासाला 300 डबे, म्हणजे एका दिशेने 3000 प्रवासी. मेडेयिनच्या 'के' मार्गाची क्षमता साधारण एवढीच आहे. सकाळच्या गर्दीत तिथेही लोकांना रांगेत उभे राहावे लागते, आणि रांग कितीही वाढली तरी दोराचा वेग वाढवता येत नाही किंवा जादा बस सोडावी तसा जादा डबा सोडता येत नाही. तुमच्या वस्तीतून सकाळी सात ते नऊमध्ये किती माणसे खाली उतरतात, हे आधी पायऱ्यांवर उभे राहून मोजा.

आता हेच गणित बंद पडलेल्या रोपवेला लावा. सेकंदाला 5 मीटर वेग धरला तर डब्यांत 60 मीटर अंतर राहते. दोन किलोमीटरच्या मार्गावर दोन्ही बाजू मिळून 65 च्या आसपास डबे आणि गर्दीच्या वेळी सहाशेहून अधिक माणसे हवेत असतात. वीज गेली तर पर्यायी इंजिनावर डबे हळूहळू स्थानकात आणतात, पण यंत्रच अडकले तर प्रत्येक डब्यातून माणसे दोराने खाली सोडावी लागतात. ती खाली कुठे उतरणार? डोंगराळ पर्यटनस्थळी खाली गवत असते, तर तुमच्या वस्तीत पत्र्यांची छपरे, विजेच्या तारा आणि दोन फुटी बोळ आहेत. झारखंडमधील देवघरजवळच्या त्रिकूट रोपवेवर एप्रिल 2022 मध्ये अपघात झाला, तेव्हा अडकलेल्यांना काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली आणि दोन दिवसांच्या त्या सुटकेतही जीव गेले. पत्र्याच्या छपरांवर हेलिकॉप्टर आणले तर त्याच्या वाऱ्याने काय होईल, याचा विचार करूनच सुटकेचा आराखडा मागा.

रोपवे मुळात असुरक्षित आहे असे माझे म्हणणे नाही. प्रवासी संख्येच्या मानाने त्याचे अपघात कमीच. पण झालेले अपघात पाहिले तर काय सांभाळायचे ते कळते. गुलमर्गला जून 2017 मध्ये वादळी वाऱ्यात झाड उन्मळून रोपवेवर पडले आणि सात जणांचा मृत्यू झाला. इटलीतील मोत्तारोने येथे मे 2021 मध्ये ओढीचा दोर तुटला आणि डबा जागीच धरून ठेवणारे ब्रेक आधीच निकामी करून ठेवलेले असल्याने चौदा जण मरण पावले. ज्या मेडेयिनचे आपण उदाहरण देता, तिथेही 'के' मार्गावर जून 2024 मध्ये डबा खाली पडून एका प्रवाशाचा जीव गेला. देखभालीसाठी मार्ग अधूनमधून पूर्ण बंद ठेवावा लागतो, वादळात आणि विजांच्या कडकडाटात तो थांबवावा लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात असे किती तास जातील आणि तेवढ्या वेळात वरच्या आजारी माणसाला खाली कसे आणायचे, याचे उत्तर आराखड्यात असले पाहिजे. पायऱ्यांची दुरुस्ती 'आता रोपवे आहे' म्हणून थांबली, तर त्या दिवशी वस्ती पूर्वीपेक्षा अधिक अडकलेली असेल.

जाता जाता: 'शून्य प्रदूषण' हा शब्द मसुद्यात असल्यास काढून टाका. वीज कुठून येते, हे कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांच्या छायेत राहणाऱ्या नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

पट्टा_आणि_पत्ता

मी नागपूरच्या झोपडपट्ट्यांत मालकी पट्ट्यांच्या कामात बरीच वर्षे आहे. डोंगराचा अनुभव नाही, पण सरकारी मोजणी वस्तीत आली की काय काय होते, ते जवळून पाहिले आहे. वरच्या दोन्ही जाणकारांनी धोका अपघाताच्या बाजूने मांडला. मला त्याहून संथ धोका मोठा वाटतो.

मेडेयिनबरोबर रिओ द जानेरो अवश्य वाचा. तिथल्या कोम्प्लेक्सो दो आलेमाओ या वस्तीसमूहावर 2011 मध्ये सहा स्थानकांची केबल कार सुरू झाली. अपेक्षेच्या मानाने प्रवासी कमीच राहिले, कारण बहुतेकांची घरे स्थानकांपासून दूर, मधल्या खोलगट भागात होती आणि स्थानके मात्र दोराच्या सोयीने टेकड्यांच्या माथ्यावर. ऑलिंपिक आटोपल्यावर 2016 मध्ये ती बंद पडली. देखभालीचे कारण पुढे आले, चालवणाऱ्यांचे पैसे राज्य सरकारकडे थकलेले होते, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे रिकामे मनोरे वस्तीवर उभे राहिले. त्याच शहरातील प्रोव्हिदेन्सिया टेकडीवर स्थानकासाठी लोकांचा एकमेव मोठा चौक घेतला गेला. पाडायच्या घरांवर पालिकेच्या गृहनिर्माण खात्याची आद्याक्षरे रंगवली गेली, आणि 'ही जागा धोकादायक आहे' हे कारण देण्यात आले, ज्याला रहिवाशांच्या बाजूच्या अभियंत्यांनी आव्हान दिले. रोसिन्या वस्तीत 2013 मध्ये लोक सरळ म्हणू लागले की आम्हाला मलनिस्सारण द्या, केबल कार नको.

इथे 'उतार_आणि_पाणी' सरांच्या नकाशाविषयी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. उताराचा धोका खराच असतो, पण तो नकाशा कोणाच्या हातात जातो यावर त्याचा उपयोग ठरतो. स्थानकाच्या जागेवरची घरे धोकादायक आणि लगतची, तशाच उतारावरची घरे सुरक्षित, असे निघाले तर शंका घ्या. नकाशा प्रकल्पाची जागा ठरण्याआधी, संपूर्ण वस्तीचा आणि लोकांसमोर झाला पाहिजे.

दुसरा मुद्दा भाडेकरूंचा. घरमालकाला जागेची किंमत वाढल्याचा फायदा होतो, पण त्याच खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला पुढच्या करारात वाढीव भाडे द्यावे लागते आणि तो आणखी वर, आणखी तीव्र उतारावर सरकतो. पट्टेवाटपात आम्हाला हे नेहमी दिसते: ज्याच्या नावाची पावती आहे तोच यादीत येतो. विस्थापितांची संख्या मोजताना तुम्ही फक्त पाडलेली घरे मोजलीत, तर हे लोक तुमच्या प्रबंधातही येणार नाहीत.

कायद्याच्या बाजूने पाहिल्यास 2013 च्या भूसंपादन कायद्यातील सामाजिक परिणाम मूल्यांकन संपादनाशी जोडलेले आहे. स्थानक सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवर बसवले तर संपादनच होत नाही. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत पुढे झालेल्या बदलांत रोपवेचा विचार 1000 मीटर उंची आणि संवेदनशील क्षेत्र या निकषांवर केला गेला, आणि घाटकोपरची टेकडी त्या उंचीच्या जवळपासही नाही. थोडक्यात, जिथे सर्वाधिक माणसे राहतात तिथेच तपासणीची सक्ती सर्वांत सैल असू शकते.

एक गोष्ट अहवालात क्वचितच येते. डबे छपरांच्या वरून जातात, आणि अनेक घरांच्या न्हाण्यांना छप्परच नसते. बायकांना हा प्रश्न विचारा, पण पुरुषांसमोर विचारू नका.

नियोजन_विद्यार्थिनी (नागपूर)

तिघांचेही मनापासून आभार. पट्टा_आणि_पत्ता ताई, रिओचे उदाहरण मला ठाऊक होते, पण मी ते केवळ ऑलिंपिकचा फसलेला खर्च म्हणून बाजूला ठेवले होते. एक शंका उरते. मेडेयिनमधील सुधारणांनंतर त्या वस्त्यांतील खुनांचे प्रमाण तुलनेच्या वस्त्यांपेक्षा बरेच अधिक घटल्याचा 2012 चा अभ्यास आहे. मग सगळेच धोके मांडून मी प्रस्ताव सोडून द्यावा, असे सुचवायचे आहे का?

पट्टा_आणि_पत्ता

सोडू नका, पण त्या अभ्यासाचे श्रेय एकट्या दोराला देऊ नका. मेडेयिनने त्या मार्गासोबत शाळा, चौक, पायवाटा आणि घरदुरुस्ती यांवरही खर्च केला, आणि तिकीट मेट्रोशी एकच ठेवले. त्यातही सगळे सुरळीत झाले नाही. 2007 मध्ये उघडलेली तिथली गाजलेली ग्रंथालयाची इमारत दोषांमुळे काही वर्षांतच बंद करावी लागली. तरीही वस्तीला दोरापलीकडे काहीतरी मिळाले. आपल्याकडच्या प्रस्तावात केवळ दोर आणि स्थानके असतील, तर मेडेयिनचे आकडे त्यात वापरणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

उतार_आणि_पाणी

पट्टा_आणि_पत्ता ताईंची सावधगिरी मान्य. नकाशाचे काम लोकांसमोरच व्हावे. पर्यायांच्या तुलनेचा एक तक्ताही जोडा, असे सुचवतो. त्याच मेडेयिनच्या 13 व्या विभागात 2011 मध्ये उघड्यावरचे सरकते जिने बसवले गेले; त्यांनाही देखभाल लागते, पण ते बंद पडले तरी निदान चालत जाता येते. त्यांच्या शेजारच्या रकान्यात कठडे असलेल्या पक्क्या पायऱ्या, बंदिस्त नाल्या आणि उतार धरून ठेवणाऱ्या भिंती यांचा खर्च मांडा. प्रत्येक पर्यायाचा दहाव्या वर्षाचा चालवण्याचा खर्च कोणत्या कार्यालयाच्या अंदाजपत्रकातून येणार, हे शेवटच्या रकान्यात लिहा. तो रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवून सादर करा. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.