सामगान ते नोम-तोम: आपल्या नादसाधनेचं मूळ वेदांत आहे का?

खर्ज (चर्चाप्रस्ताव)

हल्ली शहराशहरांत ‘वैदिक ध्वनिध्याना’ची शिबिरं भरतात. काशाच्या वाट्या, 528 हर्ट्झची ध्वनिफीत आणि ‘हे सगळं सामवेदात आहे’ असं ठोकून केलेलं विधान. सामवेदात वाट्या नाहीत. हर्ट्झ हे एकक तर एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचं. पण या प्रकाराला वैतागून काही जाणकार दुसरं टोक गाठतात आणि वेदांचा व आपल्या संगीताचा काही संबंधच नाही म्हणतात. हे मला साफ अमान्य आहे. संबंध आहे, फक्त तो भलतीकडे शोधला जातो.

ऋग्वेदात ‘अग्न आ याहि वीतये’ अशी ऋचा आहे. तीच सामगायक, म्हणजे सामवेदाचे मंत्र गाणारा, गातो तेव्हा ‘ओग्नाइ आयाहि वोइतोयाइ तोयाइ’ होते. शब्द ताणले जातात, मोडतात, मध्येच ‘औहोवा’, ‘हाउ’, ‘होइ’ असे स्तोभ येतात. स्तोभाला कोशातला अर्थ नाही, तो निव्वळ नादासाठी. आता पुढे चला. भरताने नाट्यशास्त्रात पूर्वरंगासाठी, म्हणजे नाटकाआधीच्या विधीसाठी, ‘झंटुं’सारखी शुष्काक्षरं, म्हणजे अर्थहीन अक्षरं, सांगितली. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. त्यात प्रबंधाच्या, म्हणजे तेव्हाच्या बांधीव गीतप्रकाराच्या, सहा अंगांपैकी एक अंग तेनक, म्हणजे ‘तेन तेन’ अशी मंगलवाचक अक्षरं. आणि आजचा ध्रुपदिया आलाप करतो तो ‘री द न नोम तोम’वर. अर्थ बाजूला सारून नादात शिरायचं, ही वृत्ती मला या सगळ्यात सलग दिसते. माझ्या दृष्टीने ध्यानाचं आणि गाण्याचं समाईक मूळ तेच.

उंबरठा

खर्ज, मांडणी सुरेख आहे, पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. अर्थाशिवाय गुणगुणणं जगभर आहे. अंगाईतही आहे. त्यासाठी वेदांपर्यंत जायची गरज काय?

‘सामभ्यो गीतमेव च’, म्हणजे सामांतून गीत घेतलं, हे नाट्यशास्त्रातलं वचन अशा चर्चांत नेहमी पुढे करतात. तुम्ही ते केलं नाहीत, बरं झालं. ज्या शास्त्राला प्रतिष्ठा हवी त्याने वेदांशी नातं सांगायचं, ही त्या काळाची रीतच होती. त्यापेक्षा मतंगाचा बृहद्देशी हा जुना संगीतग्रंथ काय म्हणतो ते पाहा. स्त्रिया, मुलं, गुराखी आणि राजे आपापल्या प्रदेशात स्वतःच्या इच्छेने, प्रेमाने जे गातात ते देशी. रागांची नावंच बघा: गुर्जरी, सौराष्ट्री, मालव, टक्क. ही नावं माणसांची आणि मुलखांची आहेत, यज्ञवेदीची नाहीत. दक्षिणेत सिलप्पदिकारम या प्राचीन तमिळ महाकाव्यात सात स्वरांना कुरल, तुत्तम अशी स्वतःची तमिळ नावं आहेत. मूळ एकच होतं हे म्हणणंच मला मुळात पटत नाही.

आणि ध्यानाचं म्हणाल तर नादानुसंधान, म्हणजे आतला नाद ऐकत त्यात मन लावणं, आपल्याला मिळालं ते नाथपंथाकडून. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात त्याची पायरीपायरीने मांडणी आहे: आधी समुद्र, मेघ, भेरी असे मोठे नाद, मग मर्दल, शंख, घंटा, शेवटी किंकिणी, बासरी, वीणा, भुंगा. तिथे सामगायक कुठेच नाही. एकटा योगी कान मिटून बसला आहे.

गात्रवीणा

मी वेदपाठशाळेत सामवेद शिकलोय, म्हणून थोडं आतून सांगतो. सामगान शिकताना स्वर हातावर ठेवतात. अंगठा बोटांवर टेकवत जायचा: नारदीय शिक्षा या वेदांच्या स्वरोच्चारावरच्या ग्रंथाप्रमाणे तर्जनीवर गांधार, मध्यमेवर ऋषभ, अनामिकेवर षड्ज, करंगळीवर धैवत. शरीरच वीणा, म्हणून गात्रवीणा. अंगठा चुकीच्या जागी टेकला की गुरुजी गळ्याकडे न बघता थेट हात धरायचे, कारण हात चुकला म्हणजे स्वर चुकलाच. प्रवास वरून खाली, अवरोही. मध्यमावरून उतरत षड्जावर येताना श्वास आपोआप लांबतो. कुणीही ‘आता ध्यान करा’ म्हणत नाही आणि मन मात्र दुसरीकडे जाऊच शकत नाही.

उंबरठा, उपासना नव्हतीच असं समजू नका. छांदोग्य उपनिषद सामवेदाचं आहे आणि त्याचं पहिलंच वाक्य ‘ओमित्येतदक्षरमुद्गीथमुपासीत’. उद्गीथ म्हणजे सामाचा उद्गात्याने, म्हणजे यज्ञात साम गाणाऱ्या ऋत्विजाने, गायचा भाग, आणि उपनिषद सांगतं की ॐ हे अक्षरच उद्गीथ समजून त्याची उपासना करा. गाण्यातून थेट उपासनेकडे नेणारं याहून जुनं आणि स्पष्ट वचन मला माहीत नाही.

उंबरठा

छांदोग्याचा मुद्दा वजनदार आहे. पण नारदीय शिक्षेचा दाखला तुमच्या विरुद्ध जातो. ती म्हणते, सामगायकांचा प्रथम स्वर तो वेणूचा मध्यम. म्हणजे बासरीचं गाणं आधीच स्वतंत्र उभं होतं, त्याचे स्वर लोकांना ठाऊक होते, आणि शिक्षाकाराने सामाचे स्वर त्यावरून समजावले. मुलाची ओळख बापावरून करून देतात. इथे कुणाची ओळख कुणावरून करून दिली आहे?

आणखी एक, आणि हे मला मनापासून टोचतं. ज्या गाण्याचा नुसता ध्वनी कानावर पडण्याचाही अधिकार धर्मसूत्रांनी शूद्रांना नाकारला, ते जात्यावर ओवी गाणाऱ्या बाईच्या संगीताचं मूळ कसं म्हणायचं? तिचा सूर कुणाच्या वेदशाखेतून आला?

जवारी

मिरजेकडून एक भर. तंबोऱ्याच्या अखंड षड्जाशिवाय आज नादसाधना डोळ्यांपुढे येत नाही, पण तंबोरा वैदिक नाही, संगीतरत्नाकराच्याही नंतरचा आहे. आमच्याकडे तो घडवतात मिरजेचे सतारमेकर, ज्यांचे पूर्वज शस्त्रांना धार लावणारे शिकलगार होते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी लावतात, म्हणजे सुराचा झणकार साधतात. केसभर इकडेतिकडे झालं की सूर मिटतो, जागा सापडली की एका तारेतून कितीतरी स्वर उमलतात. हे ज्ञान कुठल्याही संहितेत नाही. 2024 साली इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा फार बरं वाटलं.

खर्ज

जवारी, तुमच्याशी माझा वादच नाही. उंबरठा, ओवीचं मूळ सामात आहे असं मी म्हणणार नाही, आणि अधिकाराचा प्रश्न तुम्ही काढलात ते योग्यच. तो अन्याय होता, त्याला दुसरा शब्द नाही.

पण वेणूबद्दल तुमचा निष्कर्ष जरा घाईचा आहे. वेदातलं गाणं आणि बाहेरचं गाणं वेगवेगळ्या खोल्यांत राहत नव्हतं. महाव्रत यागात वाण हे शंभर तारांचं वाद्य वाजे, खड्ड्यावर कातडं ताणून भूमिदुंदुभी बडवत, डोक्यावर पाण्याचे घडे घेऊन दासी नाचत. अश्वमेधात वीणेवर गाथा गाणारे असत. म्हणजे लोकांचं गाणं यज्ञातच शिरलेलं होतं. मग देवाणघेवाण दोन्हीकडून झाली असं का मानू नये?

नोम-तोमबद्दलही एक सांगतो. मुसलमान असलेल्या डागर घराण्यात ही अक्षरं ‘ॐ अनंत हरि नारायण’ यातून आली असं मानतात. झिया मोहिउद्दीन डागरांनी पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल उभारलं, तिथे हीच परंपरा शिकवली. ज्यांना पाठशाळेचं दार कधीच उघडं नव्हतं, त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली.

उंबरठा

मानतात, हे खरं. पण मानणं हा इतिहासाचा पुरावा होत नाही. शुष्काक्षरं आणि तेनक यांच्यामध्ये काही शतकं जातात, तेनक आणि नोम-तोम यांच्यामध्येही जातात. त्या मधल्या काळातली एक तरी कडी ग्रंथातून दाखवा, मग मी तुमच्या साखळीला साखळी म्हणेन.