ब्रिटनमध्ये आठवड्यात तीनच दिवस वीज?

खानापूरकर: एमएची तयारी करालोय, १९७४ ला ब्रिटनमधल्या कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज, हे कसं काय ओ? नीट सांगा की कुणीतरी

उद्यमबाग: तेल महागलं, त्यात खाण कामगारांनी ओव्हरटाइम बंद केला, कोळसा पुरेना, म्हणून पंतप्रधान हीथनी जानेवारीपासून तसं केलं. आमच्या फाउंड्रीत लाईट गेली की भट्टी थंड, पोरं बाहेर बसून, पगार कापला जायचा, त्यामुळे तिथल्या कामगारांचे हाल मला लगेच कळतात

निपाणीची: फेब्रुवारीत इलेक्शन घेतलं आणि हीथचीच सत्ता गेली. पण खरा मार महागाईचा, १९७५ ला २४ टक्के!! पुढच्या वर्षी आयएमएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडं ३.९ अब्ज डॉलर मागावे लागले. सगळा दोष कामगारांवर ढकलतात ते मला अजिबात पटत नाही

खानापूरकर: आणि नंतरचे पंतप्रधान कॅलहन, त्यांचं सरकार कसं पडलं?

उद्यमबाग: मार्च १९७९, संसदेत अविश्वास ठरावावर ३११ विरुद्ध ३१०, एका मतानं सरकार पडलं बघा